ज्युनियर संपलं, आता युरोप?

प्रश्न एका ताईंचा आहे, आइस हॉकीबद्दलचा, थोडक्यात असा: "आम्ही कॅल्गरीत राहतो. मुलगा वीस वर्षांचा, डब्ल्यूएचएल या पश्चिमेकडच्या ज्युनियर (सोळा ते वीस वर्षांच्या मुलांच्या) लीगमध्ये डिफेन्समन, म्हणजे बचाव खेळाडू, ओव्हरएजचा, म्हणजे विसाव्या वर्षी मिळणारा शेवटचा हंगाम खेळतोय. एनएचएल या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात त्या यादीत, नाव आलं नाही. जर्मनीतल्या तिसऱ्या श्रेणीच्या एका क्लबकडून विचारणा झाली आहे. त्याच्या टीममधून पूर्वी खेळून गेलेले दोघे-तिघे दरवर्षी स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या स्पेंग्लर कपमध्ये टीव्हीवर दिसतात. हा म्हणतो, मलाही तेच करायचंय आणि पुढे तिकडेच कोच व्हायचंय. त्याचे बाबा म्हणतात, आधी शिक्षण. युरोपात खरंच काही भवितव्य आहे का, की एनएचएल हुकलेल्यांची ती समजूत आहे?"

ताई, भवितव्य आहे. पण या वर्षी नाही, आणि त्या तिसऱ्या श्रेणीच्या क्लबात तर नाहीच. का, ते सविस्तर सांगतो. मी कॅनडाच्या प्रेअरीतल्या, म्हणजे मैदानी प्रांतांतल्या, ज्युनियर टीमबरोबर बरीच वर्षं स्केटिंग आणि डिफेन्सचं काम केलं, मग चार हंगाम जर्मनीत खालच्या श्रेणीत सहायक कोच होतो. एजंट नाही, त्यामुळे तुमच्या मुलाच्या सहीत माझं काही अडकलेलं नाही.

तो जे टीव्हीवर बघतो तिथूनच सुरुवात करू. २६ डिसेंबरला दोन स्पर्धा एकदम सुरू होतात. एक वर्ल्ड ज्युनियर, वीस वर्षांखालच्या मुलांची, जिच्यासाठी कॅनडात लोक ख्रिसमसची सुट्टी सोफ्यावर काढतात. दुसरी दावोसचा स्पेंग्लर कप. पहिलीत आज ज्युनियर खेळणारी मुलं असतात. दुसरीत कॅनडाच्या जर्सीत दहा-बारा वर्षांपूर्वी ज्युनियर खेळलेले पुरुष. पहिलीतली बरीच मुलं पुढे दुसरीत दिसतात. हे वाईट नाही, उलट चांगलं चाललेलं असतं. पण मधली दहा वर्षं टीव्हीवर दिसत नाहीत आणि तुमचा मुलगा नेमकी तीच गाळून बघतोय.

स्पेंग्लर कप १९२३ पासून चालू आहे. पहिल्या महायुद्धानंतर एकमेकांशी लढलेल्या देशांतली तरुण मुलं निदान बर्फावर तरी एकत्र यावीत म्हणून दावोसच्या कार्ल स्पेंग्लर या डॉक्टरांनी करंडक ठेवला आणि पहिल्या वर्षी तो ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या टीमने नेला. यजमान एचसी दावोस. सहा टीम, दोन गट. गटांना टोरियानी आणि कॅटिनी ही नावं आहेत, दावोसच्या जुन्या गाजलेल्या फॉरवर्ड लाइनवरून. फायनल ३१ डिसेंबरला भर दुपारी. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवरचं गाव, लाकडी छताचं स्टेडियम. पहिल्या पीरियडला, म्हणजे पहिल्या वीस मिनिटांत, पाहुण्या टीमची धाप ऐकू येते म्हणतात ते खोटं नाही.

टीम कॅनडा तिथे १९८४ पासून जाते. पहिल्याच वर्षी जिंकली आणि २०१९ पर्यंत सोळा वेळा. या टीमची निवड चाचणी नसते. हॉकी कॅनडा या तिथल्या हॉकी संघटनेची माणसं युरोपातल्या क्लबांत खेळणाऱ्या कॅनेडियन खेळाडूंवर हंगामभर नजर ठेवतात, क्लबांना विचारतात, ज्यांची लीग नाताळात थांबते किंवा ज्यांचा क्लब सोडायला तयार होतो ते येतात. उत्तर अमेरिकेतल्या खालच्या व्यावसायिक लीगमधूनही थोडे येतात. दोन-तीन सराव होतात आणि थेट मॅच. बायका-मुलंही बरोबर असतात, त्या टीमची ती जुनी रीत आहे. म्हणजे स्पेंग्लर कप खेळायचा असं ठरवून कोणी तिथे पोचत नाही. स्विस किंवा जर्मन पहिल्या श्रेणीत खुर्ची पक्की केलेल्याला डिसेंबरात फोन येतो. खरा प्रश्न त्या खुर्चीचा आहे.

युरोपातल्या मोठ्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंना मर्यादा असते. स्वित्झर्लंडच्या नॅशनल लीगमध्ये एका मॅचला सहा परदेशी खेळवता येतात. २०२२ पर्यंत तर चारच. जर्मनीच्या डीईएल या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये नऊ. खालच्या श्रेणीत हा आकडा आणखी आवळत जातो. लोकांना वाटतं खालची लीग म्हणजे घुसायला सोपी. इम्पोर्टसाठी, म्हणजे परदेशी खेळाडूसाठी, गणित उलटं आहे. खालच्या लीगमध्ये जागा कमी, त्यामुळे त्या दोन-तीन जागांवर क्लब प्रयोग करत नाही. त्याला तयार माणूस हवा असतो, शक्यतो सेंटर किंवा विंगर, म्हणजे आक्रमणातला, दर मॅचला पॉइंट (गोल किंवा गोलला मदत) काढणारा. फिनलंडमध्ये प्रत्येक टीमचा सर्वाधिक पॉइंटवाला सोनेरी हेल्मेट घालून खेळतो, स्वित्झर्लंडमध्ये पिवळं. ते हेल्मेट इम्पोर्टच्या डोक्यावर नसेल तर नोव्हेंबरात स्थानिक पेपरवाले विचारायला लागतात की या परदेशी माणसाला आपण पैसे कशाचे देतो.

आता यात वीस वर्षांचा, प्रौढांच्या हॉकीत एकही हंगाम न काढलेला डिफेन्समन बसवून बघा. तो सव्वीस-सत्तावीस मिनिटं बर्फावर असणार, पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना), पेनल्टी किलवर (आपला बाहेर असताना), आणि शेजारी सकाळी नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारा बत्तीस वर्षांचा जोडीदार. टीम हरली की पहिला बदलला जाणारा तोच. हे मी डोळ्यांसमोर पाहिलंय. आमच्याकडे एक असाच मुलगा आला होता, एकवीस वर्षांचा, सुंदर स्केटर. डिसेंबरात क्लबने त्याच्या जागी स्लोव्हाकियातला एक तिशीचा सेंटर आणला. मुलाची काही चूक नव्हती; क्लबला गोल हवे होते आणि जागा दोनच होत्या. नाताळच्या आदल्या आठवड्यात त्याला विमानतळावर मीच सोडलं.

पासपोर्टचा मुद्दा आपल्या घरांत कोणी काढत नाही, म्हणून मी काढतो. कॅनडातल्या कित्येक हॉकीपटूंचे आजोबा इटलीतून, जर्मनीतून, पोलंडमधून आलेले असतात. कागद जमले की ते तिकडचं नागरिकत्व घेतात. कामाचा परवाना सुटतो आणि त्याच देशात खेळले तर इम्पोर्टची जागाही अडत नाही. आपल्या मुलांना ती सोय नाही. जर्मनीत, स्वित्झर्लंडमध्ये, इटलीत, सगळीकडे ते इम्पोर्टच. त्यामुळे बरोबरीच्या कॅनेडियन मुलाला जी लीग वीसाव्या वर्षी मिळते ती आपल्याला चोविसाव्या वर्षी, जरा जास्त चांगला खेळ दाखवून मिळते. हा अन्याय वगैरे काही नाही, हिशोब आहे. फक्त एजंटने दाखवलेल्या उदाहरणांत कोणाकडे कोणता पासपोर्ट होता ते विचारून घ्या.

खालून वर जाता येतच नाही असं म्हणत नाही. ख्रिस डिडोमेनिकोचं नाव मुलाला माहीत असेल. क्यूएमजेएचएल या क्वेबेककडच्या ज्युनियर लीगमध्ये खेळला, २००९ च्या प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद सामन्यांत) पाय मोडला, एनएचएलचं दार त्या वेळी लोटलं गेलं. मग इटलीत आसियागो, तिथून स्वित्झर्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत लांगनाऊ, त्या टीमबरोबर पहिल्या श्रेणीत बढती, आणि २०१७ मध्ये, अठ्ठावीसाव्या वर्षी, ओटावाकडून एनएचएल. फार छान गोष्ट आहे. पण डिडोमेनिको पॉइंटांचा पाऊस पाडणारा फॉरवर्ड आहे. लहान लीगमध्ये तसा माणूस आकड्यांवरून लांबूनही दिसतो. डिफेन्समनचं चांगलं काम आकड्यांत येत नाही, ते बघायला कोणीतरी स्टँडमध्ये बसलेलं असावं लागतं, आणि तिसऱ्या श्रेणीच्या मॅचला वरच्या क्लबचा स्काउट सहसा नसतो.

बर्फही वेगळा आहे. उत्तर अमेरिकेतला रिंक दोनशे फूट बाय पंचाऐंशी, म्हणजे साधारण एकसष्ट बाय सव्वीस मीटर. युरोपात जुन्या रिंकची रुंदी तीस मीटर. अलीकडे अरुंदही बांधतात, पण खालच्या श्रेणीत जुनेच मिळतात. ते जादाचे चार मीटर सगळे बोर्डच्या बाजूला असतात. डब्ल्यूएचएलमध्ये शिकलेला डिफेन्समन समोरच्याला बोर्डवर (कडेच्या भिंतीवर) नेऊन चेक करायला, म्हणजे अंगाने अडवायला, निघतो आणि पोचेपर्यंत पक (खेळाची चकती) मधून निघून गेलेला असतो. पहिले दोन महिने हेच. गॅप, म्हणजे समोरच्यापासूनचं अंतर, कमी ठेवायचा, मधली जागा सोडायची नाही, हिट मिळाला नाही तरी चालेल, काठी मात्र पासच्या वाटेत हवी. पाय चांगले असतील तर ही सवय लागते. चेकवरच नाव कमावलेल्या मुलांचे हाल होतात.

शिवाय दर आठवड्याला मॅच कमी आणि सराव जास्त. डब्ल्यूएचएलमध्ये ६८ मॅच आणि बसमध्ये रात्री. सरावाला वेळ कुठला? तिकडे आठवड्याला दोन, कधी तीन मॅच, बाकी दिवस बर्फावर आणि जिममध्ये. वीस वर्षांच्या मुलाला हे फायद्याचं, पण त्याला ते दंड वाटतं. शिस्तीत वाढलेली आपली मुलं इथे जरा बरी निघतात, हे मी कौतुकाने नाही, निरीक्षण म्हणून सांगतो.

आणि रेलिगेशन. कॅनडा-अमेरिकेत टीम शेवटची आली तर तिला ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळतो. युरोपात शेवटची आली तर ती खालच्या श्रेणीत जाते, प्रायोजक कमी होतात, ऑफिसातल्या माणसांच्या नोकऱ्या जातात. डीईएलमध्येही २०२१-२२ च्या हंगामापासून हे परत सुरू झालं. मार्चमध्ये तळाच्या दोन टीमची मॅच म्हणजे काय असते ते मुलाने एकदा बघावं. ज्युनियरच्या कुठल्याही प्लेऑफमध्ये ते दडपण नसतं, कारण तिथे हरणारा सप्टेंबरात परत तिथेच खेळायला येतो.

राहण्याबद्दल थोडं. ज्युनियरमध्ये बिलेट कुटुंब असतं, खेळाडूला आपल्या घरी ठेवून घेणारं. जेवण टेबलावर, कोणीतरी 'कसा झाला दिवस' विचारणारं. युरोपात क्लब फ्लॅटची किल्ली देतो, बहुधा गाडी देतो, पगार करानंतर हातात पडणारा सांगतो आणि निघून जातो. रविवारी दुकानं बंद. पहिल्या रविवारी आमचा तो मुलगा पेट्रोल पंपावरचे सँडविच खाऊन राहिला होता. करारात काय बघायचं तर चार गोष्टी: दुखापत झाली तर पगार किती काळ चालू राहतो, विमा कामावरच्या अपघाताचा आहे की नुसता आजारपणाचा, क्लब मध्येच काढू शकतो का आणि काढलं तर किती दिवसांचे पैसे, वरच्या लीगमधून बोलावणं आलं तर सोडतील का. पगार सगळ्यात शेवटी बघा. आकडा मोठा आणि क्लब डळमळीत असेल तर काय होतं ते मी भोगलंय. एका हंगामात आमचे दोन महिन्यांचे पैसे थकले होते, अर्धे आले, अर्धे अजून यायचेत. तेव्हा मी चाळिशीचा होतो, बँकेत थोडं होतं. वीस वर्षांच्या मुलाने काय केलं असतं?

आता कोचिंगकडे येतो. तुमच्या मुलाची ही दुसरी इच्छा मला पहिलीपेक्षा जास्त आवडली.

युरोपातल्या हॉकीत कॅनडाच्या ज्युनियरमधून गेलेल्या कोचेसची मोठी परंपरा आहे. राल्फ क्रूगर विनिपेगचा. डब्ल्यूएचएलमध्ये खेळला, मग घरच्या जर्मन मुळांच्या जोरावर जर्मनीत खेळत राहिला, पश्चिम जर्मनीकडूनही खेळला. तिथून ऑस्ट्रियात फेल्डकिर्खचा कोच झाला, लागोपाठ पाच विजेतेपदं आणि १९९८ मध्ये युरोपियन हॉकी लीग. मग बारा-तेरा वर्षं स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय कोच. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये त्याच्या स्वित्झर्लंडने कॅनडाला २-० हरवलं, आणि ते दोन्ही गोल पॉल डिपिएत्रोचे. डिपिएत्रो कोण? सू सेंट मरीचा, ओएचएल या ऑन्टारियोच्या ज्युनियर लीगमध्ये सडबरीकडून खेळलेला, १९९३ मध्ये मॉन्ट्रियलबरोबर एनएचएलचा स्टॅन्ली कप जिंकलेला, नंतर स्वित्झर्लंडमध्ये स्थिरावून स्विस नागरिक झालेला. बेंचवर विनिपेगचा माणूस, गोल सू सेंट मरीच्या माणसाचे, हरला कॅनडा. त्या दिवशी मी ज्यांच्याबरोबर काम करत होतो ती मंडळी गप्प बसली होती आणि मला मात्र हसू आवरत नव्हतं.

शॉन सिम्पसन ओटावा सिक्स्टी-सेव्हन्समधून ओएचएल खेळलेला. त्याने १९९८ मध्ये त्सुगला स्विस विजेतेपद दिलं, २००९ मध्ये झुरिकच्या झेडएससी लायन्सला चॅम्पियन्स हॉकी लीग, आणि २०१३ मध्ये स्वित्झर्लंडला जागतिक स्पर्धेचं रौप्य. (जाता जाता: मुलगा 'सीएचएल' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कॅनेडियन हॉकी लीग, म्हणजे त्या तीन ज्युनियर लीगची संघटना असते, युरोपातला एजंट 'सीएचएल' म्हणतो तेव्हा चॅम्पियन्स हॉकी लीग, युरोपातल्या क्लबांची स्पर्धा. 'सीएचएल क्लबांना रस आहे' असा निरोप आला तर आधी कोणती ते विचारा. ही चेष्टा नाही, एका घरात यावरून पेढे वाटायचे बाकी होते.)

२०१२ च्या स्विस फायनलची सातवी मॅच मी अजून कधी कधी मुलांना दाखवतो. बर्नच्या घरच्या रिंकवर १-१, अडीच सेकंद शिल्लक असताना झेडएससीचा डिफेन्समन स्टीव्ह मॅकार्थी गोल करतो. मॅकार्थी कूटनी आइसमधून डब्ल्यूएचएल खेळलेला. बेंचवर बॉब हार्टली, ज्याने त्याआधी लावालबरोबर क्यूएमजेएचएल जिंकली होती आणि कोलोराडोबरोबर स्टॅन्ली कप. एका गोलात ज्युनियरचा खेळाडू आणि ज्युनियरचा कोच दोघंही. माइक कीननही तसाच: ओएचएलमध्ये पीटरबरोचा कोच, १९९४ ला न्यूयॉर्कबरोबर स्टॅन्ली कप, २०१४ ला माग्नितोगोर्स्कबरोबर केएचएल या रशियन लीगचा गागारिन कप. पण हार्टली आणि कीनन हे तयार कोच म्हणून गेले. तुमच्या मुलाची वाट तशी नाही, म्हणून त्याने त्यांच्याकडे बघून फार हुरळू नये.

त्याने बघावं सर्ज ओबँकडे. क्यूएमजेएचएलमध्ये खेळला, खालच्या लीग तुडवत एनएचएलला पोचला, शेवटची वर्षं स्वित्झर्लंड आणि जर्मनीत. हॅम्बुर्गमध्ये आधी खेळला, नंतर तिथेच कोच झाला. २०१६ मध्ये तो क्लबच बंद पडला. मग व्हिएन्ना, २०१७ ला एकही प्लेऑफ मॅच न हरता ऑस्ट्रियन विजेतेपद. मग झुरिकला मोठी नोकरी आणि पहिल्याच हंगामाच्या मध्यात, जानेवारी २०१९ मध्ये, हकालपट्टी. त्यानंतर बर्लिन, आणि २०२१, २०२२, २०२४, २०२५ अशी चार जर्मन विजेतेपदं. यातला मला शिकण्यासारखा वाटणारा भाग विजेतेपदांचा नाही. बंद पडलेला क्लब आणि हकालपट्टी, दोन्ही झाल्यावरही त्याला तिकडे पुढची नोकरी मिळाली, कारण खेळाडू असतानाच त्याने तो सगळा प्रदेश आतून पाहिला होता. कोणता क्लब कसा चालतो, स्थानिक खेळाडूंशी कसं बोलायचं, इम्पोर्ट केव्हा चिडतो, हे बाहेरून शिकता येत नाही.

ब्रिटनमध्ये आणखी एक वाट आहे, प्लेयर-कोचची. तिथे खेळणाऱ्यालाच कोच करायची जुनी पद्धत. कोरी नीलसन ओएचएलमधून आलेला डिफेन्समन, नॉटिंगहॅम पँथर्सचा आधी प्लेयर-कोच, मग पूर्णवेळ कोच. त्याच्याच टीमने २०१७ मध्ये कॉन्टिनेंटल कप जिंकला, ब्रिटिश क्लबाचा तो पहिला युरोपियन करंडक. बेलफास्ट जायंट्सचा अ‍ॅडम कीफही तिथेच खेळून मग कोच झालेला. ब्रिटनचा तुमच्या घरासाठी दुसराही उपयोग आहे: काही क्लब आणि तिथली विद्यापीठं मिळून खेळाडूला पदव्युत्तर शिक्षणाची सोय देतात. त्याला आधी पदवी हवी. म्हणजे मुलाचा हट्ट आणि त्याच्या बाबांचं म्हणणं एकाच ठिकाणी जमू शकतं, फक्त क्रम उलटा लावायला हवा.

कोच व्हायचं असणाऱ्यांपैकी जे होतात त्यांच्यात एक गोष्ट मला सारखी दिसली. ते पहिल्याच वर्षी तिकडची भाषा शिकायला लागतात. ड्रेसिंग रूममध्ये इंग्रजीवर भागतं, सगळे समजून घेतात, म्हणून नव्वद टक्के कॅनेडियन मुलं 'बिअर' आणि 'बिल' याच्या पुढे जात नाहीत. पण युरोपातला क्लब म्हणजे फक्त पहिली टीम नाही. त्याखाली क्लबचीच अंडर-२०, अंडर-१७ आणि अगदी सहा-सात वर्षांच्या मुलांपर्यंतची उतरंड असते. कोचिंगची पहिली नोकरी त्या उतरंडीत मिळते, आणि दहा वर्षांच्या पोराला इंग्रजीतून क्रॉसओव्हर (पायावरून पाय टाकत वळणं) शिकवता येत नाही. त्याच्या आईशी बोलायचं असतं ते वेगळंच. मी स्वतः जर्मन मोडकीतोडकी बोलायचो, पण बोलायचो, आणि मला पुढचे तीन हंगाम मिळाले ते त्याच्यामुळे, माझ्या डिफेन्सच्या ज्ञानामुळे नव्हे.

दुसरं म्हणजे परवाने. जर्मनीत कोचिंगचे परवाने सी, बी, ए असे चढत जातात. कॅनडात हॉकी कॅनडाचे कोचिंगचे अभ्यासक्रम आहेत, ते तो आत्ता, या उन्हाळ्यात सुरू करू शकतो. लहान मुलांच्या टीमबरोबर आठवड्यातून दोन संध्याकाळी काढू दे. त्याला ते कंटाळवाणं वाटलं तर कोच व्हायची इच्छा खरी नव्हती हे फुकटात कळेल.

मग आता करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर त्या क्लबाला नम्रपणे नाही म्हटलं असतं आणि सोमवारी सकाळी टीमच्या शिक्षण सल्लागाराला फोन लावला असता. डब्ल्यूएचएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाची फी आणि पुस्तकं मिळतात. मुलगा चार-पाच हंगाम खेळला असेल तर जवळजवळ पूर्ण पदवी त्याने आधीच कमावलेली आहे. पण तिला मुदत असते, आणि व्यावसायिक करारावर सही केली की अटी बदलतात. त्याच्या डब्ल्यूएचएलच्या करारात नेमकं काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचायचं, नंतर नाही. कॅनडातल्या विद्यापीठांच्या हॉकीत माजी ज्युनियर खेळाडू भरलेले असतात, तिथे चेंगराचेंगरी आहे आणि दर्जा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच वरचा आहे. शिवाय १ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेतल्या एनसीएए डिव्हिजन वनचं, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या वरच्या श्रेणीचं, दारही मेजर ज्युनियरच्या (डब्ल्यूएचएलसारख्या लीगच्या) खेळाडूंना उघडलंय. त्याआधी तिथे त्यांना प्रवेशच नव्हता. वीस वर्षांच्या मुलाला तिथे वयाचा हिशोब आडवा येतो, म्हणून विचारायचं तर लगेच.

चार वर्षं तिथे प्रौढांच्या जवळ जाणारं हॉकी खेळला की तो चोवीसाचा होईल, अंगाने भरलेला, हातात पदवी. तेव्हा येणारी विचारणा वेगळ्या श्रेणीतून येते. नाही आली तर ब्रिटनची वाट आहे. आणि कॅनडाच्या जर्सीचं म्हणाल तर २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकला एनएचएलने खेळाडू सोडले नाहीत, तेव्हा कॅनडाची टीम मुख्यतः युरोपातल्या लीगमधून उभी राहिली आणि कांस्य घेऊन आली. त्यात वोइटेक वोल्स्की होता, ओएचएलमध्ये ब्रॅम्प्टनकडून खेळलेला, ज्याची २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये रशियन लीगच्या एका मॅचमध्ये मान मोडली होती. २०२६ साठी एनएचएलने परत खेळाडू सोडायचं ठरवल्यावर ते दार मिटलं. स्पेंग्लर कपचं मात्र दरवर्षी उघडतं.

एक अपवाद सांगून ठेवतो. मुलाने पुस्तकाला हात लावायचा नाहीच असं ठरवलं असेल, आणि वर्गात बसवल्याने तो सहा महिन्यांत घरी येणार असेल, तर युरोपऐवजी आधी उत्तर अमेरिकेतल्याच एखाद्या खालच्या व्यावसायिक लीगमध्ये एक हंगाम काढू दे. तिथे तो इम्पोर्ट नसतो, वाईट महिना गेला तरी जागा लगेच जात नाही, आणि युरोपातल्या क्लबांना त्याच्या नावापुढे पुरुषांच्या हॉकीतला एक हंगाम दिसतो. शिष्यवृत्तीवर याचा काय परिणाम होतो ते मात्र पुन्हा त्याच सल्लागाराला विचारा.

आणि या ३१ डिसेंबरला त्याला एक काम द्या. दावोसची फायनल तुमच्याकडे पहाटे चारच्या सुमाराला लागते. उठून बघू दे, पण पक नाही बघायचा. कोणत्याही टीमचा तिसऱ्या जोडीतला एक डिफेन्समन निवडायचा आणि साठ मिनिटं फक्त त्याच्या पायांकडे आणि काठीकडे बघत वहीत लिहायचं: किती वेळा मध्य सोडला, किती वेळा बोर्डकडे गेला, पक सुटल्यावर पहिला पास कुठे दिला. ती वही मला पाठवा. मी नक्की वाचेन, आणि मग आपण फोनवर बोलू.